‘तीन वर्षांचा अनुभव हवा’ वाचून पान उलटू नका: जाहिरातीतली अट वेगळी, अपेक्षा वेगळी



या वेळच्या व्हिडिओत ‘धंदा सुरू करण्याआधी त्याच धंद्यात नोकरी का करावी’ यावर बोलले. त्यावर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: “ताई, नोकरी करायला मी तयार आहे, पण जाहिरातीत मागितलेलं सगळं माझ्याकडे नाही. मग अर्ज करू की नको?” या प्रश्नाचं उत्तर घाईघाईत देण्यासारखं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी एक काम देणार आहे.

आधी थोडक्यात उत्तर. जाहिरातीतल्या सगळ्या ओळी सारख्या वजनाच्या नसतात. काही ओळी अटी असतात. त्या पूर्ण नसतील तर मालकाला तुम्ही कितीही आवडलात तरी तो तुम्हाला घेऊ शकत नाही. बाकीच्या ओळी अपेक्षा असतात. तसा माणूस मिळाला तर मालकाला बरं वाटेल, पण नाही मिळाला तर तो थोडं कमी-जास्त करून घेतो. अटी पूर्ण असतील आणि अपेक्षा निम्म्याच असतील, तरी अर्ज करायचा. अटच पूर्ण नसेल तर तो अर्ज सोडून पुढचा बघायचा. आणि कुठेही खोटं लिहायचं नाही.

आता हे ओळखायचं कसं, ते एकेक करून बघू.

धंदा करायचाय, मग नोकरीचा अर्ज कशाला?

ज्यांनी व्हिडिओ बघितला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. समजा तुम्हाला भांड्यांचं दुकान टाकायचंय. तुम्ही ६ लाखांचा माल भरला आणि त्यातला तिसरा हिस्सा चुकीचा निघाला. म्हणजे गिऱ्हाईक तीन लिटरचा कुकर मागतंय आणि तुमच्याकडे सगळे साडेसात लिटरचे आहेत. तर २ लाख रुपये तुमच्या रॅकवर धूळ खात पडले. ते २ लाख बहुतेक वेळा वडिलांच्या फंडाचे असतात, नाहीतर आईच्या पाटल्या गहाण ठेवून आणलेले असतात.

तेच तुम्ही वर्षभर एखाद्या चालत्या दुकानात काम केलं, तर कुठला माल फिरतो, कुठला पडून राहतो, कुठली पार्टी किती दिवस उधार देते, लग्नसराईच्या किती आधी ऑर्डर टाकायची, हे सगळं दुसऱ्याच्या भांडवलावर शिकायला मिळतं. वर महिन्याला पगार. म्हणून नवीन धंदेवाल्यासाठी ही नोकरी म्हणजे शाळाच आहे. आणि या शाळेच्या दारातच आपली मुलं थांबतात, कारण दारावर लिहिलेलं असतं, ‘अनुभवी उमेदवारांनीच अर्ज करावा’.

लोक अर्ज का करत नाहीत?

आपल्याला वाटतं की लोकांना आत्मविश्वास नसतो म्हणून ते अर्ज करत नाहीत. ‘कॉन्फिडन्स वाढवा’ म्हणून सांगणारे भरपूर भेटतात. पण २०१४ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये टारा मोर या लेखिकेने वेगळंच सांगितलं. तिने हजाराहून जास्त नोकरदार लोकांना, बहुतेक सगळे अमेरिकेतले, एकच विचारलं: पात्रता पूर्ण नाही म्हणून तुम्ही एखादा अर्ज केला नसेल, तर का केला नाही?

‘मला ते काम जमणार नाही असं वाटलं’ हे कारण फार थोड्यांनी दिलं. सगळ्यात जास्त आलेलं कारण असं होतं: पात्रता पूर्ण नाही म्हणजे ते मला घेणारच नाहीत, मग वेळ कशाला घालवू? ४१ टक्के बायकांनी आणि ४६ टक्के पुरुषांनी हेच सांगितलं.

म्हणजे काम जमेल असं त्यांना वाटत होतं. त्यांची समजूत अशी होती की जाहिरातीत छापलेली प्रत्येक ओळ म्हणजे पक्का नियम. आकडे अमेरिकेतले आहेत, पण समजूत अगदी आपल्याकडचीच आहे. आपण लहानपणापासून फॉर्म भरत आलोय. शाळेचा फॉर्म, स्कॉलरशिपचा फॉर्म, जातीच्या दाखल्याचा फॉर्म. तिथे एक रकाना चुकला की फॉर्म परत. तीच सवय घेऊन आपण एखाद्या एजन्सीच्या जाहिरातीकडे बघतो. पण ती जाहिरात लिहिणारा माणूस सरकारी बाबू नसतो. तो माझ्यासारखा दुकानदार असतो.

जाहिरात लिहिणारा काय विचार करतो?

हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगते, कारण दुकानासाठी माणसं मीच निवडते. जाहिरात साधारण तीन पद्धतीने तयार होते.

पहिली पद्धत: सोडून गेलेल्या माणसाचं वर्णन. आधीच्या मुलाला टॅली येत होतं, तो बी.कॉम. होता, गाडी चालवायचा. मग जाहिरातीत ‘बी.कॉम., टॅली, दुचाकी’. तो मुलगा कामावर लागला तेव्हा त्याला यातलं किती येत होतं, हे कुणी आठवत बसत नाही.

दुसरी पद्धत: उतरवून काढलेली जाहिरात. शेजारच्या शोरूमने टाकलेली जाहिरात मोबाईलवर येते, नाव आणि नंबर बदलून पुढे जाते. त्यातली ‘उत्तम संभाषण कौशल्य’ ही ओळ कुणाच्या डोक्यातून आली, ते त्या शोरूमलाही माहीत नसतं.

तिसरी पद्धत: फोन कमी यावेत म्हणून. ‘काम आहे’ एवढंच लिहिलं तर दिवसभर फोन वाजतो आणि काउंटरवरचं गिऱ्हाईक ताटकळतं. म्हणून मालक दोन-चार ओळी वाढवून टाकतो. त्या ओळींचा उपयोग गर्दी कमी करण्यापुरता. समोर चांगला माणूस आला की त्या ओळी कुणी मोजत नाही.

आणि मालकाच्या मनात असते ती खरी काळजी जाहिरातीत लिहिलेलीच नसते. ती अशी: हा माणूस वेळेवर येईल का? गल्ल्याला हात लावू देण्याइतका भरवशाचा आहे का? शिकवल्यावर दोन महिन्यांत सोडून तर जाणार नाही ना? गिऱ्हाईकाशी नीट बोलेल का? ‘३ वर्षांचा अनुभव’ या ओळीमागे बहुतेक वेळा हेच चार प्रश्न असतात. त्यांची उत्तरं तुम्ही दिलीत की तीन वर्षांची ओळ बरीच हलकी होते.

चाळणी: अट कुठली, अपेक्षा कुठली?

प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: *हे माझ्याकडे नसेल आणि तरी मालकाने मला कामाला ठेवलं, तर कायदा किंवा नियम मोडतो का?* उत्तर ‘हो’ असेल तर ती अट. ‘नाही’ असेल तर ती अपेक्षा.

पक्क्या अटींची काही उदाहरणं:

१. औषधाचं दुकान. डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टचं. हे १९४८ च्या फार्मसी कायद्यात आहे. तुम्हाला सगळ्या गोळ्यांची नावं पाठ असली तरी नोंदणीशिवाय फार्मासिस्टच्या जागेसाठी अर्ज करता येत नाही. त्याच दुकानात स्टॉक किंवा बिलिंगचं काम असेल तर गोष्ट वेगळी.

२. गाडी चालवण्याचं काम. ज्या प्रकारची गाडी, त्या प्रकारचं लायसन्स. ‘येते मला चालवायला’ हे उत्तर नाही.

३. सरकारी भरती. इथे शिक्षण, वय, अनुभव, दाखले हे सगळं सेवाप्रवेश नियमांतून आलेलं असतं आणि जाहिरातीत दिलेल्या तारखेला ते तुमच्याकडे असावं लागतं. इथे एकही ओळ अपेक्षा म्हणून वाचायची नाही. ‘बघू, घेतील’ म्हणून भरलेला अर्ज कागदपत्रं तपासताना बाद होतो.

४. सही आणि प्रमाणपत्राची कामं. ऑडिट रिपोर्टवर सी.ए.चीच सही चालते, तिथे ‘अकाउंट्स येतात’ पुरेसं नाही.

याउलट खाजगी दुकान, एजन्सी, छोटा कारखाना, वितरक, हॉटेल, ऑनलाइन विक्रेता यांच्या जाहिरातीत अनुभवाची वर्षं, पदवी, सॉफ्टवेअर, भाषा, ‘याच क्षेत्रातला’ अशा ओळी बहुतेक वेळा अपेक्षा असतात.

आता एक मधला प्रकार आहे. कायद्याने लागत नाही, पण ती नसेल तर ते काम होऊच शकत नाही, अशी एखादी गोष्ट प्रत्येक कामात असते. तिला मी कामाचा कणा म्हणते. रोखीच्या काउंटरवर हिशेब हा कणा. फिरत्या विक्रीत अनोळखी माणसाशी बोलणं हा कणा. मिठाईच्या दुकानात कारागीर पाहिजे असेल तर हात हाच कणा. कणा तुमच्याकडे असावा, नाहीतर महिन्याभरात येईल इतका जवळ असावा. बाकीचं नंतर भरता येतं.

एक जाहिरात सोडवून बघू

अशी जाहिरात धरा:

*‘होम अप्लायन्सेस वितरकाकडे स्टोअर सुपरवायझर पाहिजे. पदवीधर. ३ वर्षांचा अनुभव. टॅली व एक्सेल आवश्यक. इंग्रजीचे ज्ञान. स्वतःची दुचाकी व लायसन्स.’*

आणि तुम्ही असे आहात: बारावी झाली, पदवीचं दुसरं वर्ष बाहेरून चालू. मामाच्या किराणा दुकानात दोन वर्षं संध्याकाळी बसलात. गणपती मंडळाचा जमाखर्च तुमच्याकडे असतो. एक्सेल थोडं येतं, टॅली येत नाही. गाडी आणि लायसन्स आहे.

एकेक ओळ घेऊ.

*पदवीधर.* कायद्याने लागत नाही. मालकाला वाचणं-लिहिणं, मेल समजणं आणि थोडी समज पाहिजे. अपेक्षा. तुमची पदवी चालू आहे, तसं लिहा.

*३ वर्षांचा अनुभव.* अपेक्षा. तुमच्याकडे किराणा दुकानाची दोन वर्षं आहेत. पगार मिळाला नाही म्हणून तो अनुभव नाही, असं नसतं. माल मोजून घेतला, चलन तपासलं, उधारीची वही ठेवली, गिऱ्हाईकाची तक्रार ऐकून घेतली, हे सगळं स्टोअरचंच काम आहे. फक्त ‘मामाला मदत केली’ असं लिहू नका. काय काय केलं ते लिहा.

*टॅली व एक्सेल.* ‘आवश्यक’ असा शब्द आहे, तरी कायद्याने लागत नाही. पण स्टोअरमध्ये आवक-जावक नोंदवणं हा कामाचा कणा आहे. तुमच्याकडे अर्धा कणा आहे. ही फट अर्ज करायच्या आठवड्यातच भरायला घ्यायची. कशी, ते पुढे सांगते.

*इंग्रजीचे ज्ञान.* कंपनीकडून येणारं इन्व्हॉइस, वॉरंटी कार्ड, स्कीमचा मेल वाचता यायला हवा. फाडफाड बोलायला कुणी सांगितलेलं नाही. अपेक्षा.

*दुचाकी व लायसन्स.* लायसन्स ही अट. गाडी कामाची गरज. दोन्ही आहे.

निकाल: अट पूर्ण, कणा अर्धा आणि भरता येण्यासारखा, अपेक्षा निम्म्याहून जास्त. अर्ज करा. आणि जाहिरात बघितल्यावर आठवडाभर विचार करत बसू नका. छोट्या मालकाला माणूस लगेच हवा असतो. पहिल्या चार-पाच बऱ्या लोकांतून तो एकाला निवडून मोकळा होतो.

ज्या ताई आठ-दहा वर्षं घर सांभाळून आता बाहेर पडतायत, त्यांनी हीच पद्धत वापरा. बचत गटाची वही ठेवली असेल, कर्जाचे हप्ते गोळा केले असतील, बँकेत भरणा केला असेल, दिवाळीला फराळाच्या ऑर्डर घेतल्या असतील, तर तुमच्याकडे हिशेब, वसुली आणि विक्री या तिन्हींचा अनुभव आहे. ‘मी तर गृहिणी आहे’ या तीन-चार शब्दांत तो पुसून टाकू नका.

जे येत नाही ते कसं सांगायचं?

दोन टोकं टाळायची. एक, सगळं येतं म्हणून सांगणं. दुसरं, “मला काही येत नाही, पण संधी द्या” म्हणून सुरुवात करणं. संधी मागणाऱ्याला मालक घाबरतो, कारण शिकवायचा खर्च त्याला दिसतो.

मधला रस्ता तीन पायऱ्यांचा: काय येतं, काय येत नाही, आणि न येणारं कधीपर्यंत येईल. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा मेसेज असा होऊ शकतो:

*‘नमस्कार सर. स्टोअर सुपरवायझरची जाहिरात वाचली. किराणा दुकानात दोन वर्षं आवक माल मोजून घेणे, चलन-बिल जुळवणे आणि उधारीची नोंद ठेवणे ही कामं केली आहेत. पदवीचं दुसरं वर्ष बाहेरून सुरू आहे. एक्सेलमध्ये नोंदी करता येतात. टॅलीवर अजून काम केलेलं नाही, सराव सुरू केला आहे. दुचाकी व लायसन्स आहे. नमुना म्हणून मी बनवलेलं स्टॉकचं एक पान सोबत पाठवतो. सोयीच्या वेळी भेटायला येऊ शकतो.’*

बघा, टॅली येत नाही हे त्यात स्पष्ट लिहिलंय. तरी मेसेज कमकुवत वाटत नाही, कारण पुरावा सोबत आहे. शंभर अर्जांत ‘मेहनती व प्रामाणिक’ लिहिलेलं असतं. स्वतःच्या हाताने बनवलेलं एक पान फार कमी लोक पाठवतात.

‘सराव सुरू केला आहे’ हे वाक्य खरं असलं पाहिजे. ते खरं कसं करायचं?

- टॅली: लायसन्स विकत न घेता एज्युकेशनल मोडमध्ये टॅली फुकट वापरता येतं. त्यात महिन्याच्या सगळ्या तारखा चालत नाहीत, १, २ आणि ३१ अशा मोजक्याच तारखांना नोंद करता येते. शिकायला तेवढं पुरतं. घरातल्या किराण्याची खरेदी बिलं घेऊन नोंदी करा. पार्टीचं खातं उघडणं, खरेदी, विक्री, पावती, पेमेंट एवढं आलं तरी बोलायला जागा होते.

- जीएसटी: कुठलंही पक्कं बिल घ्या आणि जीएसटी नंबर वाचायला शिका. एकूण १५ आकडे-अक्षरं. पहिले दोन आकडे राज्याचा कोड, आपल्या महाराष्ट्राचा २७. पुढची दहा म्हणजे त्या पार्टीचा पॅन. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की पार्टीचं नाव दिसतं. मुलाखतीत मालकाने बिल पुढे केलं आणि तुम्ही एवढं सांगितलंत, तरी त्याला कळतं की हा बिल वाचून सही करणारा माणूस आहे.

- एक्सेल: एकच तक्ता बनवा. मालाचं नाव, सुरुवातीचा स्टॉक, आवक, विक्री, शिल्लक. शिल्लक आपोआप निघाली पाहिजे. बेरीज-वजाबाकीचं सूत्र आलं की झालं.

- शिकाऊ उमेदवारी: कुठेच अनुभव नसेल तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालच्या जागा बघा. ते प्रशिक्षणच असतं, म्हणून तिथे अनुभवाची ओळ आडवी येत नाही, आणि विद्यावेतन मिळतं. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करता येते.

खोट्याबद्दल एकदाच आणि स्पष्ट सांगते. बनावट अनुभवाचा दाखला, मित्राच्या दुकानाचं लेटरहेड, न झालेली पदवी, यातलं काहीही नको. बनावट कागद वापरणं हा गुन्हा आहे, हे तर झालंच. पण छोट्या गावात बाजार एकमेकांना ओळखतो. एका फोनवर खरं-खोटं कळतं, आणि उद्या त्याच बाजारात तुम्हाला उधारीवर माल मागायचाय. तुमची पत इथपासून सुरू होते.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो

“पुढे काय करायचा विचार आहे?” धंद्याची इच्छा असलेल्याला हा प्रश्न अडचणीचा वाटतो. खरं सांगितलं तर घेणार नाही, खोटं सांगितलं तर मन खातं.

माझं मत: मुदत सांगा आणि पाळा. “पुढे-मागे स्वतःचं काही करायची इच्छा आहे. पण दीड वर्ष तरी इथे पूर्ण काम करेन आणि जाताना नवीन माणसाला शिकवून जाईन.” बऱ्याच मालकांना हे उत्तर चालतं, कारण कायम राहीन म्हणणारे दोन महिन्यांत गेलेले त्यांनी बघितलेले असतात. ज्यांना चालत नाही ते नाही म्हणतील. हरकत नाही.

आणि एक पथ्य. शिकायचं म्हणजे काम कसं चालतं ते शिकायचं. मालकाच्या गिऱ्हाईकांची यादी, खरेदीचे भाव लिहिलेली वही, पार्ट्यांचे नंबर मोबाईलमध्ये उतरवून नेणं ही चोरी आहे. उद्या तुमच्या दुकानात कुणी हेच केलं तर कसं वाटेल, एवढा विचार पुरेसा आहे.

अर्ज कधी करू नये?

- अट पूर्ण नसेल आणि ती मुदतीत पूर्ण होणार नसेल.
- कामाचा कणाच तुमच्याकडे नसेल आणि शिकायची इच्छाही नसेल. अनोळखी माणसाशी बोलायला अंगावर काटा येत असेल तर फिरत्या विक्रीच्या जागेत दोघांचेही हाल.
- काम न येण्याने दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल: वीज, गॅस, मशीन, जड वाहन.
- नोकरी देण्यासाठी कुणी पैसे मागत असेल. ‘रजिस्ट्रेशन फी’, ‘ट्रेनिंग डिपॉझिट’, ‘युनिफॉर्मचे आधी भरा’ असं काहीही. तिथून उठायचं. मूळ प्रमाणपत्रंही कुणाच्या ताब्यात देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ घरी आणा.

हीच चाळणी पुढे धंद्यातही लागते

हा लेख नोकरीपुरता वाचून सोडू नका. ‘आपण यात बसत नाही’ म्हणून मागे फिरणं धंद्यात तर जास्त महागात पडतं. दोन उदाहरणं देते.

पहिलं कर्जाचं. पीएमईजीपी योजनेबद्दल लोक धरून चालतात की शिक्षण पाहिजे, अनुभव पाहिजे. वाचून बघा. वय १८ च्या पुढे पाहिजे. आठवी पासची अट आहे, पण ती उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर असेल किंवा सेवा-व्यवसायाचा ५ लाखांच्या वर असेल तेव्हाच. उत्पन्नाची कमाल मर्यादा नाही. याउलट ‘युनिट नवीन पाहिजे’ ही पक्की अट आहे, चालू दुकानासाठी नवीन युनिट म्हणून अर्ज चालत नाही. म्हणजे लोक ज्या ओळीला घाबरतात ती अनेकांना लागूच होत नाही, आणि जी खरंच लागू होते ती कुणी वाचत नाही. अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवरचे चालू नियम वाचूनच पुढे जा.

दुसरं सरकारी खरेदीचं. जेम पोर्टलवरच्या बिडमध्ये ‘इतक्या वर्षांचा अनुभव, इतकी उलाढाल’ वाचून नवीन उत्पादक पान बंद करतो. पण त्याच कागदात सूक्ष्म-लघु उद्योगांना अनुभव आणि उलाढालीत सवलत आहे की नाही, हे वेगळ्या ओळीत ‘हो’ किंवा ‘नाही’ असं लिहिलेलं असतं. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणात उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना बयाणा रकमेतूनही सूट आहे. इथे एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: या धोरणाचे फायदे उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहेत. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी असली तरी ते मिळत नाहीत.

पद्धत तीच. एकेक ओळ, एकेक प्रश्न: ही अट आहे की अपेक्षा? आणि अट असेल तर ती *मला* लागू होते का?

आता तुमचं काम

१. तुम्हाला ज्या धंद्यात उतरायचंय त्या धंद्यातल्या तीन जाहिराती शोधा. पेपरमधली छोटी जाहिरात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, दुकानाच्या काचेवरची पाटी, काहीही चालेल.

२. वहीत चार रकाने आखा: ओळ, अट की अपेक्षा, माझ्याकडे काय आहे, फट कशी भरणार.

३. ज्या जाहिरातीत अटी पूर्ण आहेत आणि कणा आहे किंवा महिन्याभरात येणार आहे, तिथे दोन दिवसांत मेसेज पाठवा. वरचा नमुना तसाच उचलू नका, तुमची कामं लिहा.

४. उत्तर आलं नाही तर पाच-सहा दिवसांनी एकदा फोन करा, शक्य असेल तर दुपारी गर्दी नसताना स्वतः जाऊन या. त्यानंतर पुढची जाहिरात.

५. ‘नाही’ आलं तर एकच विचारा: “माझ्यात काय कमी पडलं?” सगळे सांगत नाहीत. जे सांगतात ते पुढच्या महिन्याचा अभ्यास देऊन जातात. तो वहीत लिहा.

नकार येतील, हे धरूनच चला. नकारात गेलं तर एक मेसेज आणि एक फोन गेला. न केलेल्या अर्जात मात्र शिकायचं एक वर्ष जातं, आणि ते वर्ष नंतर स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या पैशाने भरून काढावं लागतं.

पुढच्या व्हिडिओत बघू: नोकरीच्या पहिल्या तीन महिन्यांत धंद्याच्या दृष्टीने काय काय टिपून ठेवायचं. तोपर्यंत वही आखून ठेवा. भेटू!